ॲसिडच्या खोलीचं दार

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि आधी बातमी. तुझी भिंगरी आता प्रयोगशाळेची प्रमुख झाली! हो, तीच भिंगरी, जी तुझ्या प्रॅक्टिकलच्या तासाला परीक्षानळ्या धुताना फोडायची. ऑर्डर निघून बरेच दिवस झाले, पण फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तूच म्हणतेस ना, फोनवर मी 'बरं आहे, बरं आहे' करून सटकते, पत्रात तसं सटकता येत नाही. घे, आता आठ ओळी तरी माझ्या हातच्या वाच.

आमच्याकडे खाणींतून, कारखान्यांतून धातूंचे नमुने येतात. ते ॲसिडमध्ये विरघळवायचे आणि त्यात काय किती आहे ते काढायचं. लांबलचक हॉल आहे आणि टोकाला एक छोटी खोली. तिला सगळे ॲसिडची खोलीच म्हणतात. मोठ्या बाटल्या तिथे असतात, आणि कोपऱ्यात तो शॉवर, साखळी ओढली की धो धो पाणी पडतं तो. तू शिकवलेला.

माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यातले एक थेंबराव. इतकी वर्षं काम करताहेत पण एक थेंब कधी बाहेर सांडला नाही, म्हणून थेंबराव. बाबांच्या वयाचे असतील. मी नवी होते तेव्हा पिपेट कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं. तेव्हा मला 'पोरी' म्हणायचे. ऑर्डर निघाली त्या दिवसापासून 'मॅडम' सुरू झालं. मी कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

तर गेल्या शुक्रवारी नेमकं त्यांच्याच हातून सल्फ्युरिक सांडलं. मोठ्या बाटलीतून छोटीत ओतताना बाटली टेबलाच्या कडेवर आपटली आणि उजव्या मांडीवर, पँटवर, उडालं. मी शेजारीच होते. आत्या, माझं डोकं अगदी थंड होतं बघ! लगेच शॉवरखाली उभं केलं, साखळी मी स्वतः ओढली. बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं. नंतर ते कपडे बदलून आले आणि चक्क कामाला लागले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. 'प्रसंग सांभाळला आणि माणसाची लाजही राखली,' म्हणाले.

एक सहजच विचारायचं होतं. पाणी मारून झाल्यावर वरून थोडा सोडा लावला तर चालतो ना? ॲसिडवर उतारा म्हणून? आणि अशी जागा साधारण किती दिवस झोंबते?

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

अगं भवाने, एवढी बातमी इतके दिवस पोटात ठेवलीस? तुझं पोट दुखलं कसं नाही? बापाला तरी सांगितलंस का? तो माझा भाऊ काल फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होता, म्हणजे त्यालाही माहीत नाही.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. लाजू नकोस, नाव नाही घेतलं. 'माझी एक विद्यार्थिनी' एवढंच म्हटलं, पण माझा चेहरा बघून सगळ्यांना कळलंच असणार. बाटली आपटली इथपासून साहेबांच्या कौतुकापर्यंत सगळं वाचलं. म्हटलं, बघा रे, फळ्यावर लिहिलेलं कोणाच्या तरी उपयोगी पडतं. इतकी वर्षं घसा कोरडा केला त्याचं चीज झालं असं वाटलं. खरंच वाटलं.

आता सोड्याचं. नाही, नाही आणि नाही. कातडीवर सोडा लावायचा नाही. ॲसिड आणि सोडा भेटले की उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्या जागेवर आणखी भाजतं, शिवाय जखमेत ती पूड अडकते. सोडा फक्त फरशीवर ॲसिड सांडलं तर. माणसावर फक्त पाणी, वीस मिनिटं तरी, घड्याळात बघून. भाजलेला माणूस लगेच 'झालं, झालं' म्हणत बाहेर पडायला बघतो, त्याला धरून ठेवायला जवळ कोणीतरी लागतंच. तू होतीस म्हणून बरं. मग स्वच्छ कोरड्या कापडाने झाकायचं आणि थेट डॉक्टर. मलम नाही, टूथपेस्ट नाही, आणि 'एवढंसं तर आहे' हे तर मुळीच नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लिहायला विसरलीस. माणूस लगेच कामाला लागला हे मला काही पटलं नाही. बाकी तुझ्यावर मी बेहद्द खूश आहे.

आत्या

१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू ते पत्र वर्गात कशाला गं वाचलंस? मी तुला लिहिलं होतं, वर्गाला नाही. तुझं उत्तर वाचताना माझे कान गरम झाले. आनंदाने नाही झाले.

थेंबराव डॉक्टरकडे गेले की नाही मला माहीत नाही. विचारलं तर 'किरकोळ होतं मॅडम, वाळलंसुद्धा' म्हणतात. पण ते बसत नाहीत आत्या. पूर्वी खुर्चीत बसून तासन् तास थेंब थेंब सोडत टायट्रेशन करायचे, आता उभ्यानेच करतात, उजव्या पायावर भार न देता. नोंदीसुद्धा उभ्याने लिहितात. चालताना लंगडतात, म्हणतात गुडघा धरलाय. काल मी बाटली घ्यायला त्यांच्या बाजूने वाकले तर मलमाचा वास आला, आणि मलमाखालून दुसरा एक. तो कसला ते मला लिहवत नाही. चेहरा उतरलाय, कपाळ सारखं घामेजलेलं असतं. मला बघितलं की कपाटामागे जातात.

आणि आता खरं सांगते. मी आत नव्हते.

साखळी ओढली, 'कपडे काढा' म्हटलं. म्हणजे म्हटलं की नाही तेसुद्धा आता नक्की आठवत नाही, पुटपुटले असेन. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले, कोणी आत जाऊ नये म्हणून. पाण्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. लवकर बंद झाला, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी दार वाजवलं नाही. बापाच्या वयाचा माणूस, अंगावर कपडे असतील नसतील, काय म्हणून हाक मारायची? मी उभीच राहिले. ते खूप वेळाने बाहेर आले, आणि सगळ्यांना वाटलं तेवढा वेळ पाणीच चालू होतं.

साहेब कौतुक करत होते तेव्हा थेंबरावही टाळ्या वाजवत होते. मला मान वर करवली नाही. लोकांना वाटलं, विनय आहे पोरीत.

भिंगरी

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र वाचलं आणि लगेच फोन केला. तू उचलत नाहीस. ऑफिसात केला, तर 'मॅडम कामात आहेत.' आमच्या शेजारचा ट्रकवाला पहाटे तुमच्या गावावरून जातो, त्याच्या हाती हे देते आहे. तो तुझ्या हातातच देईल, मी त्याला दम भरलाय.

त्या माणसाला आजच्या आज हॉस्पिटलात ने. उद्या नाही. उभ्याने काम, घाम, तो वास, याचा अर्थ जखम खोल आहे आणि आत चिघळली आहे. मधली जागा पांढरी किंवा काळी, चामड्यासारखी झाली असेल आणि तिथे दुखत नसेल. ते दुखत नाही म्हणून त्यांना बरं वाटत असेल. दुखत नाही हेच वाईट आहे. तिथली कातडी मेली आहे. ताप डोक्यात चढेपर्यंत थांबलात तर पायावर बेतेल, पायाच्याही पुढे जाईल.

ते नाही म्हणतील. त्यांच्या घरी जा. घरच्या माणसाला सांग. तुला लाज वाटते आहे हे मला कळतंय, पण आत्ता तिला वेळ नाही. नंतर जन्मभर लाज.

उद्या संध्याकाळपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी तुझ्या साहेबांना फोन करणार. मग कोणाला काय वाटायचं ते वाटो.

आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर फक्त 'नेलं त्यांना' एवढंच बोलू शकले. बाकीचं हे.

तुझं पत्र हातात पडलं त्या दिवशी थेंबराव कामावरच आले नव्हते. मी घरी गेले. दार काकूंनी उघडलं, त्यांच्या बायकोने. 'गुडघ्याने आजारी आहेत,' म्हणाल्या. आत्या, काकूंना काहीही माहीत नव्हतं! ते बाहेरच्या खोलीत दार लावून झोपत होते, स्वतःच पट्टी बदलत होते, आणि जुनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कामावर येताना फेकत होते. मी काकूंना सांगितलं. त्या आत गेल्या. आतून त्यांचा चढलेला आवाज आला. मग त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'रिक्षा बोलवा.'

तू लिहिलंस तसंच होतं. पांढरं, आणि कडेने काळपट. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय वाचला असता की नाही सांगता येत नाही. मेलेली कातडी काढली. आता दुसऱ्या मांडीची कातडी घेऊन तिथे लावणार आहेत. ताप उतरतोय.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा थेंबरावांनी सांगितलं, मान दुसरीकडे करून. त्यांनी पँट काढलीच नव्हती. आमच्या त्या दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेतून त्यांना माझं डोकं दिसत होतं, मागे बाकीचे. कोणी वळून बघेल, कोणी आत येईल या धास्तीने, चाहूल ऐकू यावी म्हणून त्यांनी पाणीच बंद केलं. मग ओल्या पँटवरूनच सोडा लावला, फरशीसाठी ठेवलेला. ॲसिडने भिजलेलं कापड तसंच मांडीला चिकटून होतं. कपडे बदलले ते कितीतरी नंतर.

आणि अजून एक. आमच्याकडे रबरी एप्रन दोन, त्यातला एक फाटलेला. चांगला त्या दिवशी माझ्या अंगावर होता. त्यांनीच दिला होता. 'तुम्ही घाला मॅडम, माझ्या हातून सांडत नाही.' मी घातला! प्रमुख मी, नवा मागवायचं काम माझं, आणि मी 'थँक्यू' म्हणून घातला.

काकूंनी हॉस्पिटलच्या बाकावर माझा हात धरला. म्हणाल्या, 'तुम्ही त्या दिवशी होतात म्हणून एवढ्यावर निभावलं.' मी तो हात काढून घेतला नाही. आत्या, याच्याइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या बाकावर कळलं.

सोमवारी चौकशीची बैठक आहे. साहेबांनी आधीच ठरवलंय, प्रमुखांनी सगळं बरोबर केलं, माणसाने सूचना पाळल्या नाहीत आणि जखम लपवली. थेंबरावांना ॲसिडच्या कामावरून काढून कोठारात नमुन्यांच्या पिशव्या मोजायला बसवणार. थेंबरावही खाटेवरून तेच म्हणताहेत, 'मॅडमनी सगळं केलं, चूक माझी.' तो माणूस पिशव्या मोजायला लागला तर झिजून जाईल गं. मी काय करू?

भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

काय करायचं ते तुला माहीत आहे, नाहीतर तू मला विचारलं नसतंस. तेव्हा त्यावर मी काही लिहिणार नाही. माझ्याकडे काय झालं ते ऐक. हे पत्र सोमवारच्या आधी तुला मिळावं म्हणून पुन्हा त्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. तो आता मला आपली गिऱ्हाईक समजायला लागलाय.

मी वर्गात जाऊन सांगितलं की ते पत्र चुकीचं होतं. ती विद्यार्थिनी आत नव्हती, बाहेर पाठ करून उभी होती. मी जरा तावातच होते, तुझ्यावर चिडलेली. म्हटलं, एवढं स्पष्ट शिकवलेलं असताना असं कसं होतं? अंगावरचे कपडे काढायचे, सगळे, लगेच, हे मी दर वर्षी सांगते की नाही?

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. फार बोलणारी नाही. म्हणाली, 'सांगता बाई. पण ते वाक्य तुम्ही नेहमी फळ्याकडे तोंड करून सांगता.'

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. मी आठवून बघितलं. पाण्याचं सांगताना मी वर्गाकडे बघते. चष्म्याचं, हातमोज्यांचं, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे तर मी बोट नाचवत सांगते. आणि कपड्यांचं आलं की वळते, खडू उचलते, ते वाक्य फळ्याला सांगते आणि पुढच्या मुद्द्यावर वळून येते. का? तर कोणीतरी फिसकन हसेल म्हणून. साठ पोरांसमोर मला लाज वाटते म्हणून. या वयात! सरावाच्या वेळीही पोरांना मी कपड्यांनिशीच शॉवरखाली उभं करते आणि वहीत 'झालं' अशी खूण करते.

तू त्याच वर्गात बसली होतीस भिंगरे, पहिल्या बाकावर. पाठ कधी फिरवायची ते तू माझ्याकडूनच शिकलीस. मी चार दिवस तुझ्यावर रागावून बसले होते आणि चूक माझ्याच घरची निघाली. मला तुझ्याकडे बघायची लाज वाटते आहे, आणि तू समोर नाहीस हे बरंच आहे.

सोमवारी जे काही सांगशील ते माणसांकडे तोंड करून सांग.

आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

सांगितलं.

साहेब कागद वाचत होते, 'प्रमुखांनी पूर्ण वेळ देखरेख केली' असं काहीतरी. मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून बोलता येईना. म्हटलं, 'मी आत नव्हते. मी बाहेर पाठ करून उभी होते. पाणी लवकर बंद झालं ते मला ऐकू आलं, आणि तरी मी दार वाजवलं नाही, कारण मला लाज वाटली. चांगला एप्रनही माझ्याच अंगावर होता.' साहेब म्हणाले, 'मग त्याच दिवशी का नाही बोललात?' मी म्हटलं, 'तुम्ही कौतुक केलंत म्हणून.' त्यांनी पाणी मागवलं.

माझं प्रमुखपद काढून घेतलंय, पुढची ऑर्डर येईपर्यंत. ती येईल असं वाटत नाही. थेंबरावांना कोठारात पाठवायचं रद्द झालं. बरे झाले की आपल्या जागेवर. म्हणजे जे हवं होतं ते झालं.

मग काकूंना सांगायला हॉस्पिटलात गेले. त्यांनी सगळं ऐकलं. विचारलं, 'मग आत कोण होतं?' मी म्हटलं, 'कोणीच नाही.' त्या उठल्या आणि तांब्यात पाणी होतं तरी पाणी आणायला गेल्या. परत आल्या त्या माझ्या बाकावर नाही बसल्या.

आणि थेंबराव! मला वाटलं होतं त्यांना तरी बरं वाटेल. ते भडकले. मी त्यांना कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. म्हणाले, 'कशाला सांगितलंत? माझ्या हातून सांडलं एवढंच लोकांना कळलं असतं. आता सगळ्या लॅबला कळलं की हा म्हातारा पोरीबाळींसमोर पँट काढायला लाजला आणि पाय सडवून घेतला. उद्या चहाच्या टपरीवर हेच चालणार.' मग भिंतीकडे तोंड करून पडले. जा म्हणाले, तेसुद्धा 'जा मॅडम'.

मी खरं बोलले ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? मला हलकं वाटावं म्हणून मी त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणली का? सांग ना.

भिंगरी

९ मार्च

भिंगरे,

दोन्ही. आणि त्यांना रागवायचा हक्क आहे. आता एक कर, माफी मागायला रोज हॉस्पिटलात खेटे घालू नकोस. माफी मिळाली की आपल्याला बरं वाटतं, त्यांचा पाय काही त्याने भरून येत नाही. नवे एप्रन आले का ते बघ. त्या दाराच्या काचेला रंग लाव. प्रमुख नसलीस तरी ब्रश धरता येतो.

मी काल सराव घेतला. आतून पोहायचा पोशाख घातला होता, तो निळा, तुला आठवत असेल. मी त्यात मावते एवढंच म्हणेन. वर नेहमीचे कपडे, वर एप्रन. वर्गाकडे तोंड केलं आणि म्हटलं, 'अंगावरचे कपडे काढायचे. सगळे. लगेच.' आवाज चिरकला माझा. मग साखळी ओढली आणि काढायला लागले. एप्रन, बूट, मोजे, मग बाकीचं. पाणी इतकं गार की दात वाजायला लागले. साठ पोरं डोळे फाडून बघताहेत, आणि मी, सुटलेल्या पोटाची बाई, त्यांच्यासमोर कुडकुडते आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाने फिसकन केलंच. मला वाटलं पाणी बंद करावं आणि पळावं.

तेवढ्यात ती मागच्या बाकावरची मुलगी उठली. टेबलावरची चादर घेतली, सरळ पाण्यात येऊन माझ्यासमोर चादर धरून उभी राहिली. तोंड बाजूला, पण पाय तिथेच, बूट भिजले तरी. आणि बडबडायला लागली. तिचा भाऊ, त्याची सायकल, काय वाटेल ते. घड्याळ बघून 'अजून थोडं बाई, अजून थोडं.' तिच्या त्या बडबडीवर मी वेळ पुरा केला.

तर हा नियम मी आता शिकवते, आणि वर्गाकडे बघून शिकवते. मान वळवायची, पाय नाही.

आत्या

२६ एप्रिल

प्रिय आत्या,

थेंबराव कामावर आले. जरा लंगडतात, पण खुर्चीत बसतात. टपरीवर व्हायचे ते विनोद झाले, दोन दिवसांत लोकांना कंटाळा आला. माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मी तुझं ऐकलं, मागे लागले नाही. काचेला रंग दिलाय, शॉवरला जाड पडदा लागलाय, खुंटीवर धुतलेल्या चादरी आहेत. एप्रन सगळ्यांना एकेक.

काल आमच्याकडे सराव होता. तुझा नियम मी साहेबांना लिहून दिला होता, त्यांनी तो सगळ्यांसमोर वाचला. मग विचारलं, 'भाजलेला माणूस म्हणून कोण उभं राहणार?' सगळे बुटांकडे बघायला लागले. तुला माहीतच आहे कसं असतं ते.

थेंबराव म्हणाले, 'मी राहतो. मला अनुभव आहे.'

आधी कोणाला हसावं की नाही कळेना. मग ते स्वतःच हसले, आणि सगळा हॉल हसला. साहेबांनी विचारलं, चादर कोण धरणार? थेंबरावांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं बोट केलं.

पँटच्या आत त्यांनी हाफपँट घातली होती. म्हणजे घरूनच ठरवून आले होते. साखळी त्यांनी स्वतः ओढली. बूट काढले, शर्ट काढला, आणि मग पट्ट्याला हात घातला आणि थांबले. सगळे बघत होते, पडदा मुद्दामच उघडा ठेवला होता. मी चादर धरून आत गेले. पाणी बर्फासारखं होतं. मी मान वळवली. पँट ओल्या फरशीवर पडल्याचा आवाज आला.

मला शब्दच फुटेना आत्या. एवढं ठरवून आले होते, याबद्दल बोलेन, त्याबद्दल बोलेन, आणि त्यातलं एकही आठवेना. नुसती भिंतीच्या टाइल्सकडे बघत उभी. पाण्याचा आवाज, आणि दुसरं काही नाही. त्या दिवसासारखंच.

मग चादरीपलीकडून त्यांचा आवाज आला, थंडीने कापत होता.

'बोलत राहा पोरी. आवाज येत नाही तोवर मला कसं कळणार तू आहेस ते?'

मी बोलायला लागले. सोड्याच्या डब्याबद्दल, साहेबांच्या चष्म्याबद्दल, तुझ्या त्या निळ्या पोशाखाबद्दलसुद्धा, रागावू नकोस. मध्येच रडत होते, ते पाण्यात कोणाला कळलं नाही. त्यांनी विचारलं, झाला का वेळ? मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, 'नाही अजून. मी आहे.'

तुझी,
भिंगरी